पळ्ळियोडमचं घर: मालिप्पुरा बांधण्याआधी ठरवायच्या गोष्टी

केरळात पत्तनंतिट्टा जिल्ह्यातल्या आरन्मुळ्याला पंपा नदीच्या काठी पार्थसारथीचं मंदिर आहे. या मंदिराशी बांधलेल्या गावांना तिथे 'करा' म्हणतात, आणि एकेका करेची स्वतःची एक नाव असते, ती म्हणजे पळ्ळियोडम. लांबी शंभर फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम पाच-सहा फूट, आणि मागचं टोक, म्हणजे अमरम, पाण्यापासून पंधरा-अठरा फूट वर उचललेलं. लाकूड आंजिलीचं, म्हणजे आपल्या रानफणसाचं. ही नाव देवाची मानली जाते, तिच्यावर कुणी चपला घालून चढत नाही. सिंह मासातल्या (ऑगस्ट-सप्टेंबर) उत्तराभाद्रपदा नक्षत्राला सगळ्या करांच्या नावा मंदिरापुढे येतात, आणि त्याच्या मागे-पुढे वळ्ळसद्येचा हंगाम चालतो. कुणी भक्त नवसाचं जेवण घालतो, त्यासाठी नाव वल्हवत मंदिराच्या घाटावर न्यायची असते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत नाव पाण्यात असते. उरलेले आठ महिने ती जिथे राहते ते मालिप्पुरा. या लेखात आम्ही त्या घराबद्दलच लिहिणार आहोत, कारण नाव किती वर्षं टिकेल हे सुताराइतकंच हे घरही ठरवतं.

नवी नाव बांधायची म्हटली की गाव एका हाकेला उभं राहतं. देणग्या येतात, लाकूड येतं, तात्पुरत्या मांडवाखाली काम सुरू होतं. नाव पाण्यात उतरते, मांडव मोडला जातो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की हिला ठेवायचं कुठे? मग माडाच्या बागेत एखादी ताडपत्री बांधली जाते आणि ती 'तात्पुरती' सोय पाच-सात वर्षं चालते. क्रम उलटा हवा. जागा आधी, मालिप्पुरा आधी, आणि त्याच मालिप्पुऱ्यात नावेची बांधणी. ज्या आधारांवर नाव जन्मली त्याच आधारांवर ती विसावली तर तिचा मूळचा बाक कायम राहतो.

कोकणातल्या वाचकांना एक फरक आधीच सांगायला हवा. आपल्याकडे होड्या पावसाळ्यात काठावर ओढून झापांखाली ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटतात. म्हणजे आपल्याकडे राखण करायची ती पावसापासून. पंपेवर पळ्ळियोडम नेमकी पावसाळ्यात पाण्यात असते आणि कोरड्या दिवसांत घरात. त्यामुळे मालिप्पुऱ्याची खरी परीक्षा मार्च ते मे या महिन्यांत होते. लाकूड सुकून फळ्या आक्रसणं हा इथला मोठा धोका, पाऊस त्यानंतरचा. शिवाय पंपेचं पाणी गोडं आहे. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा इथे नाही, पण खारं पाणी लाकडाला कुजण्यापासून जे थोडं वाचवतं तेही इथे नाही. नावेच्या तळाशी साचून राहिलेलं गोडं पाणी हे कुजण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे.

जागा आणि उतार

जागा नदीच्या जवळ हवी आणि पुराच्या वर हवी. या दोन्ही अटी एका ठिकाणी क्वचितच पुऱ्या होतात. २०१८ च्या ऑगस्टमधल्या पुराने पंपेकाठची पातळीबद्दलची सगळी जुनी गृहीतं धुऊन नेली. म्हणून आज जागा ठरवताना २०१८ ची खूण शेजारच्या घरांच्या भिंतींवर कुठे आहे ते पाहून जमिनीची उंची मोजायची, आणि शक्य असेल तर तळाचे आधार त्या खुणेच्या वर घ्यायचे. बहुतेक ठिकाणी ते शक्य होत नाही. मग पूर घरात येणार हे धरूनच घर बांधायचं. त्याबद्दल पुढे.

उंचीचा हिशोब असा. समजा हंगामातल्या पाण्यापासून काठ बारा फूट वर आहे. एकास आठ असा उतार घेतला तर उताराची लांबी शहाण्णव फूट होते. एकास सहा घेतला तर बहात्तर. एकास सहाला नाव उतरवताना तिला धरून ठेवणं अवघड जातं, चढवताना माणसं जास्त लागतात. आमची पसंती एकास आठला. नाव उतरवताना मागून दोन जाड दोर हवेत, आणि ते नुसते हातांत धरायचे नाहीत. जमिनीत खोल पुरलेल्या खांबाला दोन वेढे देऊन सोडत जायचं. खाली माडाचे ओंडके किंवा केळीचे खांब. केळीचा खांब चिरडला की बुळबुळीत होतो, नाव छान सरकते. पण त्याच कारणाने जोरदार उतारावर तो धोक्याचा. तिथे ओंडकेच बरे.

सगळ्यात जास्त नुकसान उताराच्या माथ्यावर होतं. सपाट जमीन संपून उतार जिथे सुरू होतो तिथे कोन राहिला तर शंभर फुटांची नाव त्या एका रेषेवर तोलली जाते. पुढचा भाग हवेत, मागचा हवेत, आणि सगळं वजन मधल्या चार फुटांवर. तळाच्या फळ्यांचे जोड तिथेच उघडतात. ते लगेच दिसत नाही. नाव पाण्यात गेल्यावर मध्यावर झिरपू लागते आणि दोष डागडुजी करणाऱ्याला दिला जातो. यावर उपाय म्हणजे माथा तासून कमीत कमी चाळीस-पन्नास फुटांचा गोलावा करणं, आणि माथ्यावरचे ओंडके बाकीच्यांपेक्षा बारीक घेणं.

दुसरी अडचण नदीची. अनेक वर्षांच्या वाळूउपशाने पंपेचं पात्र खोल गेलं, म्हणून जुन्या मालिप्पुऱ्यांचे उतार पाण्यापर्यंत पोचेनासे झाले. उलट, पुरानंतर काही ठिकाणी काठाशी गाळाचे ढीग बसले आणि नाव उतरायच्या जागीच पाणी गुडघाभर झालं. म्हणून उताराचा शेवटचा दहा-पंधरा फुटांचा भाग पक्क्या काँक्रीटचा करू नये. दगड-मातीचा ठेवावा, दरवर्षी जून संपताना पाण्याची खोली काठीने मोजावी आणि तो भाग नव्याने सावरावा. गाळ काढायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. केरळात नदीकाठाचं संरक्षण आणि वाळूउपसा यांवर २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि 'आपल्याच घाटावरचा गाळ' हे कारण तिथे पुरत नाही.

जमिनीच्या कागदांबद्दल थोडक्यात. काठाची पट्टी बऱ्याचदा सरकारी असते आणि मागची जमीन एखाद्या घरच्यांनी तोंडी दिलेली. तोंडी दान एका पिढीपुरतं चालतं. नोंदणीकृत दस्त किंवा लांब मुदतीचा भाडेकरार करेच्या नावाने हवाच, आणि त्यात नुसती शेडची जागा लिहून भागत नाही. घरापासून पाण्यापर्यंतची वाट, किमान वीस फूट रुंद, त्यात नमूद असावी. शेड आपली आणि वाट दुसऱ्याची असेल तर एक कुंपण पडलं की नाव आत अडकते.

आकार आणि आधार

शंभर फुटी नावेला एकशे दहा ते एकशे पंधरा फूट लांबी. रुंदीला पंधरा-सोळा फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना तेल लावायला, फळी ठोकायला माणूस आरामात वाकू शकेल. उंचीचा प्रश्न अमरममुळे येतो. अठरा फुटांचं टोक, खाली दोन फुटांचे आधार, वर तीन फूट मोकळी जागा, म्हणजे त्या बाजूला छप्पर तेवीस फुटांवर. नाव कोणत्या तोंडाने ठेवायची यावर खर्च बराच बदलतो. अमरम जमिनीकडे ठेवलं तर बाहेर काढताना ते शेडच्या पूर्ण लांबीतून जातं, म्हणजे सगळं छप्पर उंच. अमरम नदीकडे ठेवलं तर फक्त दाराजवळचा भाग उंच करून बाकीचं छप्पर दहा-बारा फुटांवर आणता येतं. पण मग नाव मागच्या तोंडाने पाण्यात जाते, आणि उचललेलं टोक पाण्याला बऱ्याच उशिरा टेकतं. तोवर उताराच्या कडेवर भार वाढतो. शिवाय उंच दारातून पावसाची झड थेट आत येते. पैसा असेल तर पूर्ण उंच छप्पर करावं. नसेल तर अमरम नदीकडे, उताराचं खालचं टोक पाण्याखाली लांब नेलेलं, आणि दारावर झापांचा लोंबता पडदा.

आता आधार. इतकी लांब-अरुंद नाव दोन-चार ठिकाणी टेकवली तर वर्षभरात ती वाकते. मध्ये आधार कमी पडला तर पोट खाली येतं, आणि नुसता मध्ये असला तर टोकं झुकतात. तळाचा साधारण पंचाहत्तर फुटांचा भाग जमिनीला समांतर असतो. त्याखाली दर पाच-सहा फुटांवर एक, असे चौदा-पंधरा आधार लागतात. अमरमखाली वेगळे दोन-तीन टेकू, कारण ते वजन हवेत लोंबतं आणि वळणाच्या मुळाशी ताण येतो. आधारांची उंची एका पातळीत ठेवायची नाही. नावेच्या तळाला मुळातच हलका बाक असतो, त्या बाकाप्रमाणे प्रत्येक आधार वेगळा. नवी नाव असेल तर सुताराकडून हे माप बांधणी चालू असतानाच घ्यावं.

आधार दगडाचे किंवा जांभ्याचे, पाया कमीत कमी तीन फूट खोल. नदीकाठची माती पुरात भिजून बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. म्हणून आधाराच्या वर लाकडी पाचर ठेवावी, म्हणजे उंची नंतर सावरता येते. पाचर आणि नाव यांच्यामध्ये बरेच लोक काथ्याची चटई घालतात. ती मऊ असते खरी, पण ओल धरून ठेवते. दोन-तीन वर्षांनी नेमकी आधाराच्या जागी फळी मऊ पडलेली सापडते. जाड रबराचे तुकडे, जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे मिळाले तर उत्तम, त्यांत पाणी निघून जाण्यासाठी चिरा पाडून वापरावेत. आणि दरवर्षी नाव आत घेताना टेकण्याची जागा वीतभर पुढे-मागे करावी.

नाव वाकते आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. नावेच्या वरच्या काठावर पुढे, मध्ये आणि अमरमचा चढ सुरू होण्याआधी, असे तीन तांब्याचे खिळे कायमचे ठोकून ठेवावेत. पुढच्या आणि मागच्या खिळ्याला दोरी ताणून मधल्या खिळ्यापासूनचं अंतर मोजायचं, किंवा गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी लावायची. हे माप वहीत लिहावं: नाव आत घेतल्यावर एकदा, जानेवारीत एकदा, मेमध्ये एकदा. अर्ध्या इंचापेक्षा फरक पडला तर पाचरी सावरायच्या, पण एका दिवसात नाही. आठवड्याला एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) एवढंच. महिनोन्महिने वाकलेलं लाकूड एका झटक्यात सरळ केलं तर जोड सुटतात.

वाळवीसाठी एकच नियम: मातीपासून नावेपर्यंत सलग लाकडी वाट असता कामा नये. बाजूचे लाकडी टेकू थेट जमिनीत रोवले की पावसाळ्यात त्यांवरून मातीच्या नळ्या चढतात. टेकूंच्या खाली दगड, दगडावर पत्र्याची वाकवलेली टोपी. आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी बॅटरी घेऊन सगळे आधार पाहून यावं, हे काम ठरलेल्या माणसाकडे असावं.

छप्पर, भिंती, हवा

झापांचं छप्पर सगळ्यात थंड, पण दरवर्षी शाकारावं लागतं आणि पेटतं लवकर. कौलं उत्तम, पण तेवीस फुटांवर फुटलेलं कौल बदलायला कुणी चढत नाही, आणि त्या एका फटीतून गळणारं पाणी नावेत एकाच जागी वर्षानुवर्षं पडतं. पत्रा स्वस्त आणि टिकाऊ. त्याखाली मात्र एप्रिलमध्ये भट्टी होते. पत्राच घालायचा असेल तर खाली फूटभर अंतर सोडून झापांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा दुसरा थर द्या, आणि दोन्ही टोकांना वर हवा जायला जागा ठेवा. जमीन फरशीची करू नका. नदीची वाळू पसरून ठेवली की मार्चपासून रोज संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडता येतं. आतली हवा दमट राहते, फळ्या सावकाश सुकतात. नावेवर थेट ताडपत्री टाकणं सगळ्यात वाईट: दिवसा ऊन तापवतं, रात्री आतल्या बाजूला पाणी जमतं आणि तेच लाकडावर ठिबकतं.

लांब भिंती सलग बांधू नयेत. मालिप्पुरा नदीला काटकोनात असतं, म्हणजे पुराचा प्रवाह नेमका त्या एकशे दहा फुटांच्या भिंतीवर आडवा येतो. भरीव भिंत पाणी अडवते, ढासळते, आणि नावेवर पडते. खांब आणि त्यांमध्ये जाळी किंवा बांबूचे तट्टे, खाली फार तर दोन-तीन फूट जांभा आणि त्यातही पाणी जायला भोकं. माशाचं तेल, झापा आणि सणासुदीचे फटाके एका जागी येतात, म्हणून विजेच्या तारा पाइपातून न्या आणि दाराशी वाळूच्या बादल्या ठेवा.

पुरात मालिप्पुऱ्यातल्या नावेचं दोन प्रकारे नुकसान होतं. घट्ट बांधली तर पाणी वाढताना ती उचलली जात नाही आणि दोर फळी फाडतात. मोकळी सोडली तर वर तरंगून छपराच्या तुळयांवर आपटते, नाहीतर खांब तोडून वाहून जाते. नावेत पाणी भरून तिला जड करतात, ते चांगलं आहे, पण आंजिली पाण्यापेक्षा हलकी असल्याने भरलेली नावही थोडी उचलली जातेच. म्हणून चार मजबूत उभ्या खांबांभोवती सैल लोखंडी कड्या घालाव्यात, म्हणजे नाव खांबाला धरून वर-खाली होऊ शकेल. पाणी ओसरताना ती पुन्हा आधारांवर नीट बसते आहे का हे पाहायला माणसं हजर हवीत. आधारांच्या मध्येच बसली तर तिथेच कणा वाकतो. पूर उतरला की आतला गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा. सुकलेला गाळ खाचांत बसून ओल धरतो. आणि कितीही घाई असली तरी उन्हात सुकवू नका.

तेल आणि पाण्यात परत जाणं

हंगाम संपला की नाव धुऊन सावलीत दोन-तीन आठवडे कोरडी होऊ द्यायची, मग माशाचं तेल. पातळ हात, तो लाकडात मुरल्यावर दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात दिला तर तेल वर चिकट राहतं, त्यावर धूळ आणि बुरशी बसते. तेलात नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंडी घालून जो काळा लेप करतात, तो पाणी कापायला गुळगुळीतपणा देतो. तो लावायचा पाण्यात उतरवण्याच्या आधी, साठवताना नाही, कारण अंड्याला मुंग्या आणि उंदीर लागतात. लाकूड ओलं असताना लावला तर लेप फुगून सुटतो. काही ठिकाणी देखभाल टाळायला फायबरचा थर देण्याचा सल्ला मिळतो. आमचा त्याला ठाम विरोध आहे. फायबर लाकडाबरोबर फुगत-आक्रसत नाही, चीर पडली की आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या नावेचं लाकूड आतून भुसभुशीत होतं.

आठ महिने सुकलेल्या नावेच्या सांध्यांत फटी दिसणारच. त्या पाहून घाबरून कापूस आणि राळ ठासून भरणं ही नेहमीची चूक. नाव पाण्यात गेली की फळ्या फुगतात, ठासलेल्या सांध्याला जागा उरत नाही, आणि फळी खिळ्यांवरून उचलली जाते. आधी तीन-चार दिवस आतून ओली पोती पसरून ठेवा, मग माणसं न बसवता दोन दिवस उथळ पाण्यात ठेवा. तरीही जी फट झिरपते तेवढीच भरा.

छत्र्या, झेंडे, अमरमवरची पितळी सजावट मालिप्पुऱ्यात ठेवू नयेत. कापड उंदीर खातात, आणि पितळ चिंचेने घासून नीट धुतलं नाही तर हिरवं पडतं आणि शेजारच्या लाकडावर डाग पाडतं.

संग्रहालयाबद्दल

नावेला कायमचं घर म्हटलं की कुणीतरी संग्रहालयाचं नाव काढतं. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात प्रिन्स फ्रेडरिकची १७३२ मधली सोनेरी नाव आहे. ती सुरेख राखली आहे, पण शेवटची पाण्यात गेली १८४९ मध्ये. बँकॉकची गोष्ट वेगळी. तिथली राजनौकांची शेड बांगकॉक नोई कालव्याच्या काठीच आहे, १९७४ पासून ती राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि १९११ मध्ये पाण्यात उतरलेली सागाची सुवर्णहंस नाव, सुफन्नाहोंग, आजही मिरवणुकीसाठी तिथूनच बाहेर पडते. पळ्ळियोडमसाठी हाच मार्ग योग्य वाटतो: पाहणाऱ्यांसाठी उघडं, पण पाण्याला लागून, आणि दरवर्षी बाहेर पडणारं.

जी नाव खरोखर थकली आहे तिचा प्रश्न उरतो. रस्त्याकडेला चार खांब आणि पत्र्याखाली ती उभी करणं हा सन्मान नाही. एका बाजूने ऊन लागून ती पाच-सहा वर्षांत पिळवटते. जागा आणि माणसं असतील तर ती नव्या नावेइतकीच काळजी घेऊन बंद मालिप्पुऱ्यात ठेवावी. नसतील तर चांगल्या फळ्या दुसऱ्या नावेच्या डागडुजीला द्याव्यात. मोडण्याआधी मात्र दर दोन फुटांवर रुंदी आणि खोली मोजून लिहावी, आणि अमरमच्या वळणाचा साचा प्लायवुडवर पूर्ण मापात कापून मालिप्पुऱ्याच्या आढ्याला टांगून ठेवावा. पुढचा सुतार आला की आधी तोच मागेल.